आहेरात दिलेला आयरिश माणूस

शिरूरच्या घाटावर सकाळी दहाव्याची गर्दी जमली की एक वास येतो. न्हाव्याच्या साबणाचा, ओल्या दर्भाचा, उदबत्तीचा, पायाखाली कुस्करलेल्या झेंडूचा, आणि या सगळ्याच्या खालून घोडनदीचा. नदीचा हा वास पूर्वी नव्हता. त्याच्यावर मी नऊ पत्रकं लिहिली आहेत. लोक ती हातात घेतात, मान हलवतात आणि घरी जाताना त्यात भजी बांधून नेतात. नऊ पत्रकांत मिळून हसण्यासारखं एक वाक्य नाही. मला त्याची लाजही नव्हती. नदी मरताना दिसते आहे आणि विनोद कसले करायचे?

गेल्या महिन्यात त्याच घाटावर माझ्या मामीचा दहावा होता, आणि मला लोकांना हसवायचं होतं.

मामीनंच बजावलं होतं. शेवटच्या आठवड्यात खाटेवर उशीला टेकून बसली होती, आवाज पार आत गेलेला. म्हणाली, "माझ्या दहाव्याला तू बोलायचं. आन् लोक हसले पाह्यजेत. न्हाई हसले तर मी पिंडाला शिवायची न्हाई, बसा कावळ्याची वाट बघत."

"मामी, मला हसवता येत नाही. तुला माहितीये."

"येत न्हाई म्हनून तर तुझ्यावर ठिवलंय. घेतलंस ना एकदा? मग आता परत कर."

काय घेतलं होतं ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. याच घाटावर, मामांच्या दहाव्याला, माईकवर उभं राहून मी एका माणसाचा विनोद गिळला होता. तोंडात आलेला, अख्खा.

आमचं गाव राहू, दौंड तालुक्यातलं. हिवाळ्यात तिथली हवाच गोड असते, गुऱ्हाळांच्या धुरानं. कॉलेजसाठी मी शिरूरला मामांकडं राहायला आले तेव्हा तो गोड वास सुटला आणि फुलांचा लागला. मामांची शेवंती आणि झेंडू. ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवलेली फुलं पहाटे उघडली की घरभर एक थंड, कडवट वास पसरायचा. सहाला कंपनीच्या बसचा हॉर्न. मामांनी मळ्याच्या कडेला घर बांधून वर चार खोल्या काढल्या होत्या, रांजणगावच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्यांना भाड्यानं द्यायला. तीन खोल्यांत बिहारची आणि लातूरची मुलं राहायची. चौथ्या खोलीत कोलम आला.

कोलम आयर्लंडचा. कंपनीत नवी मशिनं बसवायला आलेला फिटर, पन्नाशीचा, लाल कानांचा. पुण्यातला फ्लॅट सोडून तो आमच्या मळ्यात का राहिला, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मामीनं नाव ऐकलं आणि म्हणाली, "कोलम? ह्यो तर तांदूळ हाय की!" तेव्हापासून ती त्याला लाडानं 'तांदळा'च म्हणायची. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी चार शब्द. घरात इंग्रजी समजणारी मी एकटी. म्हणजे त्या घरात जे काही त्याच्याकडून त्यांच्याकडं आणि त्यांच्याकडून त्याच्याकडं गेलं, ते माझ्या तोंडातून गेलं. एकोणिसाव्या वर्षी एवढी सत्ता कुणाच्या हाती देऊ नये.

संध्याकाळी गच्चीवर शेवंतीचे ढीग पसरलेले असायचे, मामी आणि मी फुलं निवडायला बसायचो, मामा गोणीवर. कोलम कामावरून यायचा, ग्रीसचा आणि कंपनीच्या हिरव्या साबणाचा वास घेऊन, आणि बोलायला लागायचा. साधी गोष्ट तो सरळ सांगत नसे. नळाला पाणी आलं नाही हे सांगायला त्याला त्याच्या आजोबांपासून सुरुवात करावी लागे. मामांना हे फार आवडायचं. "घाई न्हाई गड्याला," ते कौतुकानं म्हणायचे.

त्याचं एक मोजमाप होतं. मामीच्या ठेच्यानं डोळ्यांतून धारा लागल्या की म्हणायचा, "काही वाईट नाही." अंगावरचे कपडे पिळून काढावे लागतील असा पाऊस पडला की, "दिवस जरा ओलसर आहे." आणि ज्याच्यावर जीव असेल त्याला शिव्या. बिहारच्या मुलांना तो आळशी, चोर, नालायक म्हणायचा आणि त्यांच्यासाठी पुण्याहून केक आणायचा. मॅनेजरशी मात्र अतिशय सभ्यपणे बोलायचा. "तो माझ्याशी सभ्य झाला तर मला सांग," मामा मला म्हणायचे, "म्हंजी माझं काय चुकलं ते बघतो."

गच्चीवरच त्यानं आम्हाला त्याच्या लोकांच्या हसण्याचा इतिहास सांगितला. फार जुन्या काळी, म्हणे, त्यांच्याकडं राजे कवींना भ्यायचे. राजानं कंजूषपणा केला, पाहुण्याला नीट जेवू घातलं नाही, की कवी त्याच्यावर टिंगलीचं कवन रचायचा. आणि लोकांची अशी श्रद्धा होती की त्या कवनानं राजाच्या तोंडावर फोड उठतात. तोंडावर डाग आलेल्याला गादीवर बसता येत नसे. गेला राजा.

मी हे मराठीत सांगितलं. मामांनी ऐकता ऐकता फुलं चाळली. मग म्हणाले, "आमच्याकडं तोंडाला काय बी होऊ दे, खुर्ची सुटत न्हाई."

मी ते इंग्रजीत सांगितलं आणि कोलम शेवंतीच्या ढिगात उताणा पडला. त्याच्या शर्टाला पाठीमागं पिवळे डाग राहिले ते कायमचे.

पुढं त्यांच्यावर बाहेरच्यांचं राज्य आलं. जमिनी गेल्या, हळूहळू भाषाही गेली, आपल्याच शेतात लोक कुळं झाले. मालकाला तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती. मग ते असं 'हो' म्हणायला शिकले की ऐकणाऱ्याला त्यातलं 'नाही' कळावं पण पुरावा हाती लागू नये. आणि ज्यांनी जमिनी घेतल्या त्यांनीच वर विनोद केले. आयरिश माणूस बावळट, त्याचं बोलणं गावंढळ. शेकडो वर्षं तेच विनोद.

हे मला आतपर्यंत लागलं, कारण तेव्हा नुकतीच मी पुण्यात एका वक्तृत्व स्पर्धेला जाऊन आले होते. जोशात तोंडातून 'न्हाई' निघून गेलं आणि पुढच्या रांगेतल्या मुलींनी ते दिवसभर एकमेकींना म्हणून दाखवलं. मी कोलमला सांगितलं तेव्हा संतापानं हातातली शेवंती कुस्करत होते.

तो म्हणाला, "तू स्वतःवर त्यांच्यापेक्षा चांगला विनोद कर. मग त्यांच्या हातात काय उरलं?"

"मला विनोद नको. ज्यांनी जमीन घेतली त्यांच्याकडून जमीन परत घ्यायची असते."

"घ्यायचीच. पण त्याला वेळ लागतो," तो म्हणाला. "तोपर्यंत संध्याकाळी काय करायचं?"

मला तेव्हा हे उत्तर पळपुटं वाटलं. आजही अर्धंच पटतं. पण माझ्या नदीच्या आंदोलनातली किती चांगली माणसं संध्याकाळी काय करायचं ते न सुचल्यामुळं सोडून गेली, हे मी आता मोजू शकते.

मामीला यातलं एकच आवडलं होतं: मयताची रात्र. त्यांच्याकडं माणूस गेला की त्याला घरातच मधोमध ठेवतात, सगळी आळी जमते, एका कोपऱ्यात बायका आकांत करतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्याच माणसाच्या फजित्या सांगून लोक पोट धरून हसतात. पूर्वी तर खेळ व्हायचे, सोंगं व्हायची, पाद्र्याची नक्कल व्हायची. बिशप लोकांनी पुन्हा पुन्हा बंदी घातली, लोकांनी पुन्हा पुन्हा मान डोलावली आणि खेळ चालू ठेवले. येणाऱ्यासाठी तंबाखूची थाळी भरून ठेवलेली असे.

तंबाखूची मिश्री लावता लावता मामीचं बोट थांबलं. "फुकट?"

"फुकट."

"मग मला मरायला तिकडंच पाठवा."

आता कासुर्डीची गोष्ट. ही मी पाहिलेली नाही. माझी परीक्षा होती, म्हणून मी घरी होते. मामा, मामी आणि कोलम, तिघं ओळखीच्या जीपमधून कासुर्डीला लग्नाला गेले. मामांच्या मित्राच्या मुलीचं लग्न. मामीच्या मांडीवर आहेराचा स्टीलचा डिनर सेट. मामांना रस्ता विचारणं हा अपमान वाटायचा. हायवेच्या अलीकडं एक मांडव लागला, मामा म्हणाले हाच. गोरा पाहुणा बघून मांडववाल्यांनी तिघांना थेट स्टेजवर नेलं, माईकवर नावं पुकारली, फेटे बांधले. मामांनी नवरानवरीला आशीर्वाद दिले, डिनर सेट दिला, दोन शब्द बोलले, आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की इथं ओळखीचं एकही तोंड नाही. जेवणं झाल्यावर जीपमध्ये मामीनं तोंड उघडलं, तर मामा म्हणाले, "आपन बरोबर आलो हुतो. लगीन चुकलं."

पुढच्या मांडवात खरं लग्न. तिथं पुन्हा स्टेज, पुन्हा फेटे, पहिल्यावरच दुसरा. आणि आहेर? हात रिकामे. नवरीचा बाप समोर, माईक चालू. मामांनी घसा खाकरला, कोलमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मंडळी, डिनर सेट सगळेच देत्यात. आम्ही आयर्लंडहून मानूस आनलाय."

ती गोष्ट घरी परत आली तेव्हापासून आमची झाली. कोलम ती इंग्रजीत सांगायचा, मामा मराठीत, दोघं एकाच वेळी, आणि दर वेळी ती थोडी लांबायची. कोलम दोन्ही हात डोक्याभोवती गरगर फिरवून फेट्यावर फेटा बांधून दाखवायचा. मामी हसता हसता पदर तोंडात कोंबायची. तिनं ती गोष्ट माझ्यासमोर कधी सांगितली नाही. फक्त ऐकायची.

मग मामा गेले. श्रावणात.

आमच्या भागात दहावा म्हणजे भाषणं. जो येतो तो मेलेल्याचं नाव एकदा घेतो आणि स्वतःच्या कामांची यादी तीनदा. पांढरे कपडे, काळे चष्मे, 'न भरून येणारी पोकळी'. त्या पोकळीत सगळे आपापलं सामान ठेवून जातात. त्या दिवशी पुकारणाऱ्याला गर्दीत कोलम दिसला. परदेशी पाहुणा! त्यानं लगेच माईकवर जाहीर केलं, आता आयर्लंडचे साहेब श्रद्धांजली वाहतील, ताई भाषांतर करतील.

कोलमला वाटलं, ही त्यांच्यासारखीच रीत आहे. माणूस गेला, आळी जमली, आता त्याची गोष्ट सांगायची. डोळे लाल होते त्याचे. माईक हातात घेऊन त्यानं त्याला येत होतं ते सगळ्यात चांगलं दिलं. तो म्हणाला, "माझ्या गावात बरीच मोठी माणसं होऊन गेली. पण लग्नात आहेर म्हणून दिला गेलेला मी एकटाच. ज्यानं मला दिलं तो हा माणूस." आणि सगळी कासुर्डी सांगितली. हात डोक्याभोवती फिरवून दोन फेटे बांधले. शेवटी म्हणाला, "नवरीच्या बापानं विचारलं, हा टिकेल का? मामा म्हणाले, खातो कमी, बोलतो जास्त. मग दिलेली वस्तू संध्याकाळी परत घरी घेऊन आले. तेवढी एकच वस्तू त्यांना कुणाला देऊन टाकता आली नाही."

तो थांबला. माझ्याकडं बघितलं.

समोर पांढऱ्या कपड्यांची रांग, नोकरीच्या गावांहून आलेले, मुंडण केलेले मामेभाऊ, पदर ओढून बसलेल्या बायका. मला भीती वाटली. मी माईक घेतला आणि म्हणाले, "साहेब म्हणत आहेत की मामा म्हणजे आदरातिथ्याचा झरा होते. परक्या देशातल्या माणसालाही त्यांनी आपलं मानलं. त्यांच्या जाण्यानं साहेब पोरके झाले आहेत."

लोकांनी माना हलवल्या. कुणी नाक पुसलं. कोलम हसू यायची वाट बघत होता. ते आलं नाही. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि तो माझ्या कानाशी म्हणाला, "मीही मेलो वाटतं." त्याला वाटलं, आपण या लोकांचा अपमान केला. मी त्याला काही सांगितलं नाही. पायऱ्या उतरून तो गर्दीमागं जाऊन उभा राहिला.

बायकांच्या रांगेत मामी बसली होती. इंग्रजीचं अक्षर तिला येत नव्हतं, पण डोक्याभोवती फिरलेले हात तिनं पाहिले होते. ते कसले हात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? घरी आल्यावर, सगळे पांगल्यावर, ती मला म्हणाली, "तो फेटा बांधत हुता आन् तू झरा सांगितलास." एवढंच. मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "एकदा मेले ते मेले. दुसऱ्यांदा तू मारलंस."

कोलम पुढच्या दोन महिन्यांत आयर्लंडला परत गेला, मशिनं चालू झाली होती. त्या दिवसांत त्यानं कासुर्डीची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. जाताना मामीच्या पाया पडला, तिनं त्याला शेवंतीच्या बियांची पुडी दिली. मला म्हणाला, "तू काही वाईट नाहीस." माझ्या दोन मेलना उत्तर आलं, तिसरी परत आली. खरं काय झालं ते मी चौथ्या मेलमध्ये लिहिणार होते.

गेल्या महिन्यात, मामीच्या दहाव्याला, पिंड ठेवले आणि भटजी मागं सरतात न सरतात तोच कावळा शिवला. वाट बघणं मामीला कधी जमलंच नव्हतं. पण तिच्या त्या धमकीतून सुटले तरी कबूल केलेलं उरलंच होतं. चार भाषणं झाली. चौघांनी 'मातृतुल्य' हा शब्द वापरला. मग मी उठले.

मी सगळं सांगितलं. कोलम, गच्ची, फेटे, आणि याच पायरीवर मी बोललेलं खोटं. मग कासुर्डी सांगायला घेतली. मला गोष्ट सांगता येत नाही. मी मागण्या मांडते. मांडव एक, मांडव दोन. माझ्या आवाजात ती निवेदन दिल्यासारखी निघाली. पांढऱ्या कपड्यांतल्या एकानं घड्याळ बघितलं. "आम्ही आयर्लंडहून माणूस आणलाय," मी म्हणाले आणि थांबले. कुणी हसलं नाही. वाटलं, मामी, तुलाही दुसऱ्यांदा मीच मारलं.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला, "खोटं बोलतीया पोरगी!"

पारूबाई. तीस वर्षं मामीच्या बरोबरीनं झेंडू तोडलेली, मामांना दाजी म्हणणारी बाई. गुडघ्यावर हात टेकून उठली. "असं न्हाईच झालं ते. दाजींना कुठलं सुचायचं! दाजी स्टेजवर हुबं ऱ्हायलं घामाघूम. हिच्या कानात म्हनले, आता काय देऊ गं? ही म्हनली, मला देऊ नका, भाकरी कोन भाजंल? द्या की ह्या तांदळाला! आहेरात तांदूळ चालतोय!"

मग पारूबाईच्या शेजारची एक म्हातारी खुसखुसली, तिच्या पलीकडची, आणि मग सगळी रांग. मामीनं ही गोष्ट झेंडूच्या सरीत दर हंगामाला सांगितली होती म्हणे, दाजींच्या नकलेसकट. सगळ्या तोडणाऱ्या बायकांना पाठ होती. मला माहीत नव्हती. त्या दिवशी स्टेजवर मी नव्हते, आणि मराठीतली ती कुजबूज कोलमला कळायचं कारण नव्हतं. मामांनी ते श्रेय जन्मभर मिरवलं आणि तिनं मिरवू दिलं.

"आन् दुसरा फेटा?" मागून कुणीतरी ओरडलं. "त्यो सांग की पारू!"

"सांगते, सांगते. दम धर, तुला काय कामावर जायचंय?"

थोरला मामेभाऊ, नुकतं डोकं केलेला, तोंडावर उपरणं धरून गदगदत होता. भटजींनी दर्भ खाली ठेवला. पुकारणाऱ्याला पुढच्या वक्त्याचं नाव घ्यायचं होतं, पण त्याला श्वास पुरत नव्हता. पारूबाईनं हात डोक्याभोवती फिरवायला सुरुवात केली तेव्हा मी माईक बंद केला. तो बंद झाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.